यंत्राची दूरदृष्टी

बुद्धिबळाचा डाव सुरू होतो तेव्हा पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूपुढे २० चाली असतात: आठ प्याद्यांच्या १६ आणि दोन घोड्यांच्या ४. काळ्या मोहऱ्यांनाही तितक्याच चाली मोकळ्या असतात. त्यामुळे दोघांची एकेक चाल होण्याचे मार्ग ४०० होतात आणि दोनदोन चाली होण्याचे १,९७,२८१! हे सारे मार्ग डावाच्या अंतापर्यंत तपासणे कोणत्याही संगणकास शक्य नाही.

मग संगणक करतो तरी काय? तो काही चालींपर्यंत पुढे पाहतो आणि तेथील स्थितीला गुण देतो. मात्र मारामारी चालू असता तो थांबत नाही. वजिराने प्यादे मारले एवढेच पाहून तो थांबला, तर पुढच्याच चालीत वजीर जाणार आहे, हे त्याला कळणार नाही.

परंतु त्याची खरी चतुराई मार्ग सोडून देण्यात आहे. अकोल्याहून अमरावतीस निघालेल्या प्रवाशास एका रस्त्यावरील पूल वाहून गेल्याचे कळले, तर त्या रस्त्यावरील पुढच्या गावांची तो चौकशी करीत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या चालीवर प्रतिपक्षाचे एक सडेतोड उत्तर सापडताच संगणक ती चाल टाकून देतो. तिची इतर उत्तरे शोधीत बसत नाही. वाचलेल्या वेळात तो चांगल्या मार्गांवर अधिक खोल जातो.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले. तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासीत असे. तरी दोन्ही पक्षांच्या मिळून सुमारे १२ चालींपर्यंतच तो सर्वसाधारणपणे पाही, काही मार्गांवर मात्र अधिक खोल जाई. आजचा ‘स्टॉकफिश’ घरगुती संगणकावर त्याहून पुष्कळ कमी स्थिती तपासतो, पण ३० चालींच्याही पलीकडे पोहोचतो. वेगापेक्षा निवड मोठी ठरली, ती अशी.

माणसाला तर निवडीवाचून गत्यंतरच नाही. वऱ्हाडातील अमरावतीचे स्वप्निल धोपाडे २०१५ साली ग्रँडमास्टर झाले. अशा खेळाडूंना कोट्यवधी स्थिती मोजता येत नाहीत. कोणत्या दोनतीन चाली विचारात घ्याव्यात, हे त्यांना अभ्यासाने उमगते. मोहरा हलविण्यापूर्वी ‘यावर प्रतिपक्षाचे सर्वांत चांगले उत्तर कोणते?’ असा प्रश्न जो मुलगा किंवा मुलगी स्वतःला विचारते, तिचा हा अभ्यास सुरू झाला असे समजावे. यंत्रही प्रत्येक चालीला हाच प्रश्न विचारीत असते.