स्वर आधी, सजावट नंतर

२६ ऑगस्ट २०२४ रोजी संगीत लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांच्या जगात एक बातमी येऊन थडकली. 'फिनाले' या नामांकित सॉफ्टवेअरचा विकास आपण थांबवत आहोत, असं ते बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं. १९८८मध्ये बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये कित्येकांचं उभ्या आयुष्याचं काम साठवलेलं होतं. त्या फायली दुसरीकडे न्यायच्या तर आधी फिनालेतच उघडून त्यांचं रूपांतर करून घेणं भाग होतं. त्या दिवसापासून एक जुनाच प्रश्न नव्यानं ऐरणीवर आला: संगीत साठवायचं तरी कशात?

त्याचं एक उत्तर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे. 'लिलीपाँड' हे विनामूल्य सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. त्यात माउसनं ओढून स्वर पट्टीवर ठेवायचे नसतात. स्वर टाइप करायचे. 'सी४ डी ई एफ' असं लिहिलं, की पाच रेघांच्या पट्टीवर चार चतुर्थांश स्वर उमटून त्यांची पीडीएफ तयार होते. (प्रत्यक्षात रोमन लिपीतली छोटी अक्षरं, महिरपी कंसात, टाइप करायची.) चारचा आकडा कालावधीचा. तो एकदा सांगितला, की बदलेपर्यंत पुढच्या स्वरांना लागू राहतो. ही फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडते आणि माणसाला वाचताही येते.

लिलीपाँड अडलं, की नवखा माणूस घाबरतो. पण त्याच्या चुका ठरावीक थरांमध्ये होतात: स्वर, काळ, आवाज, रूप आणि पान. बिघाड कोणत्या थरातला आहे हे ओळखलं, की अर्धं काम झालं. आणि खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्या थराला हात लावायचा नाही, हा पथ्याचा भाग.

हातकोरीव पानांचा ध्यास

१९९६ साली नेदरलँड्समधल्या हान-वेन नीनहाउस आणि यान नीवेनहाउझन या दोन तरुणांनी हे काम सुरू केलं. दोघेही युवा वाद्यवृंदात वाजवणारे. संगणकावर छापलेली स्वरपत्रं त्यांना निर्जीव वाटत, जुनी हातकोरीव पानं मात्र वाचायला सुखद. त्या काळी कारागीर जस्तासारख्या दिसणाऱ्या मऊ धातूच्या पत्र्यावर पोलादी ठसे ठोकून, सगळं उलटं, एकेक पान घडवत. कुठे किती जागा सोडायची हे त्यांची नजर ठरवत असे. उदाहरणार्थ, एका स्वराची दांडी वर आणि पुढच्याची खाली असेल, तर दोन्ही दांड्या एकमेकींच्या जवळ येतात आणि स्वर दाटल्यासारखे दिसतात. म्हणून कारागीर ते किंचित लांब ठेवत, आणि क्रम उलटा असेल तर जवळ आणत. लिलीपाँडमध्ये असे नियम प्रोग्रामच्या रूपात बसवलेले आहेत. त्याच्या 'फेटा' या चिन्हसंचाचे आठ वेगवेगळ्या आकारांसाठी आठ स्वतंत्र आराखडे आहेत. लहान आकारात चिन्हं थोडी जाड होतात, म्हणजे स्टँडवरच्या कागदावरही ती ठसठशीत दिसतात.

यातूनच पहिला धडा मिळतो. सॉफ्टवेअरनं एखादी गोष्ट कुठे ठेवली, त्यामागे बहुधा कारण असतं. ती लगेच हलवायला जाऊ नये.

स्वरांचा थर

सुरुवातीची सर्वांत नेहमीची तक्रार अशी: 'जी मेजर लिहिलं, तरी प्रत्येक एफच्या आधी नॅचरलचं चिन्ह का येतं?' कारण लिलीपाँडमध्ये जो स्वर वाजायला हवा तोच टाइप करायचा असतो. स्केल सांगितल्यानं पट्टीच्या सुरुवातीला शार्पचं चिन्ह येतं, टाइप केलेला एफ आपोआप शार्प होत नाही. डच पद्धतीप्रमाणे शार्पला 'इस' आणि फ्लॅटला 'एस' जोडतात, म्हणून इथे 'फिस' लिहायचं. चिन्ह दाखवायचं की नाही, ते सॉफ्टवेअर ठरवतं.

दुसरी तक्रार सप्तकांची. 'रिलेटिव्ह' पद्धतीत प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या सर्वांत जवळच्या जागी बसतो. सीनंतर एफ लिहिला तर तो वरचा, पण जी लिहिला तर खालचा, कारण खालचा जी जास्त जवळ आहे. वरचा हवा असेल तर स्वरापुढे वरचा स्वल्पविराम द्यावा लागतो. तो एका ठिकाणी राहिला, की तिथून पुढची सगळी धून एक सप्तक खाली जाते आणि आणखी दोन ठिकाणी राहिला तर पट्टीखाली रेघांची शिडी लागते. अशा वेळी पान जिथे विचित्र दिसतं तिथे चूक शोधू नये. जिथून ते बिघडायला लागलं तो पहिला स्वर शोधावा. लांबलचक रचनेत दर काही ओळींनी नवा 'रिलेटिव्ह' गट सुरू करावा, म्हणजे चूक त्या गटापुरतीच राहते. स्वरापुढे बरोबरचं चिन्ह आणि अपेक्षित सप्तक लिहून तपासणीचा नाकाही बसवता येतो.

काळाचा हिशोब

दोन उभ्या रेषांमधला भाग म्हणजे बार. तीन-चतुर्थांशच्या तालात प्रत्येक बारमध्ये तीन ठोके भरलेच पाहिजेत. पण उभ्या रेषा लिलीपाँड स्वतः मोजून ओढतं. एखाद्या स्वराचा कालावधी चुकला तर ते तक्रार न करता पुढचा सगळा भाग सरकवतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक बारच्या शेवटी टाइप केलेली उभी रेघ. ती छापण्यासाठी नसते. 'इथे बार संपायला हवा' एवढंच ती सांगते. तसं झालं नाही, की 'बारचेक फेल्ड अॅट १/४' असा इशारा येतो. याचा अर्थ त्या जागी नवा बार सुरू होऊन एक चतुर्थांश काळ उलटून गेला आहे, म्हणजे आधीच्या बारमध्ये बहुधा एक ठोका जास्त भरलाय.

एकाऐवजी पानभर इशारे आले, तर ते सगळे वाचत बसू नये. पहिला इशारा दुरुस्त करून पुन्हा चालवावं. आणि इशारे पहिल्याच बारपासून लागले असतील, तर धून ठोक्याच्या आधीच सुरू होते का ते पाहावं. 'हॅपी बर्थडे'मध्ये 'हॅपी' हे पहिल्या बारच्या बाहेर असतं आणि जोर 'बर्थ'वर पडतो. हा अर्धवट बार 'पार्शल' ही आज्ञा देऊन सांगावा लागतो. ती विसरली तर एकही स्वर चुकीचा नसताना सगळं गाणं तालाबाहेर छापलं जातं.

कंसांच्या चुकांचा स्वभाव वेगळा. उघडलेला महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर तक्रार बहुतेकदा फाइलच्या अगदी शेवटी येते, कारण सॉफ्टवेअर तिथपर्यंत त्या कंसाची वाट पाहत राहतं. निरोपात ओळ आणि अक्षराचा क्रमांक दिलेला असतो, पण खरी चूक त्याच्या वर असू शकते. काहीच उमजेना, तर अर्धा मजकूर टक्क्याचं चिन्ह देऊन निष्क्रिय करावा आणि चालवून पाहावं. चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते कळतं, मग त्याचे पुन्हा दोन भाग. शेकडो ओळींच्या फाइलमध्येही काही फेऱ्यांत नेमकी ओळ सापडते.

डोळ्यांना न दिसणारी चूक कानांना सापडते. फाइलमध्ये मिडीचा एक छोटा आदेश घातला, तर पीडीएफबरोबर वाजणारी फाइलही मिळते. 'फ्रेस्कोबाल्डी' हा एडिटर वापरला तर पीडीएफमधल्या स्वरावर क्लिक करताच कर्सर मजकुरातल्या त्याच स्वरावर जातो. मात्र पीडीएफ इतरांना पाठवताना ही सोय बंद करावी. त्या दुव्यांमध्ये आपल्या संगणकातल्या फोल्डरांची नावं जातात.

आवाज आणि शब्द

सर्वांत चकवणारा थर हा. लिलीपाँडमध्ये प्रत्येक चिन्हाचं एक घर असतं. स्वराचा गोळा, दांडी, स्लरची कमान ही 'व्हॉइस'मध्ये राहतात. क्लेफ आणि तालाचे आकडे 'स्टाफ'मध्ये. बारचे क्रमांक 'स्कोअर'मध्ये. घर न सांगता बार क्रमांकांसाठी आज्ञा दिली तर ती सर्वांत आतल्या, म्हणजे 'व्हॉइस'च्या घरी जाते. तिथे बार क्रमांक राहतच नाहीत, त्यामुळे काहीच घडत नाही आणि चूक झाल्याचा निरोपही येत नाही. आज्ञा बरोबर वाटते पण परिणाम दिसत नाही, अशा वेळी आधी घर तपासावं. कोणतं चिन्ह कुठे राहतं, याची पूर्ण यादी लिलीपाँडच्या संदर्भग्रंथात आहे.

एकाच पट्टीवर दोन आवाज लिहिताना हाच घोळ गाण्याच्या शब्दांचा होतो. दोन आवाजांसाठीची सोपी लघुचिन्हं वापरली की दोन नवे आवाज जन्माला येतात. शब्द मात्र जुन्या आवाजाला बांधलेले असल्यामुळे मध्येच थांबतात. मुख्य आवाज तसाच चालू ठेवून फक्त दुसरा नव्यानं उघडला, तर शब्द सुटत नाहीत.

मराठी शब्दही देवनागरीतच लिहिता येतात. जोडाक्षरं, वेलांट्या नीट जुळतात. फाइल यूटीएफ-८मध्ये साठवलेली आणि देवनागरी फाँट उपलब्ध असला म्हणजे झालं. 'दिवाळी' तीन स्वरांवर गायची, तर 'दि -- वा -- ळी' असं, दोन आडव्या रेघांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहायचं. जागा सोडली नाही तर अख्खा शब्द पहिल्याच स्वराखाली जाऊन बसतो. एक अक्षर अनेक स्वरांवर खेळवायचं असेल, तर त्या स्वरांवर स्लर घालावा. शब्द आपोआप थांबून पुढच्या स्वराची वाट पाहतात.

रूपाचा थर

स्वर, काळ, शब्द पक्के झाले की मगच सजावट. 'ओव्हरराइड' ही आज्ञा तिथून पुढच्या सगळ्या चिन्हांना लागू होते, तिच्याआधी 'वन्स' लिहिलं तर फक्त त्या क्षणाला. कॉर्डमधल्या चार स्वरांपैकी एकाचाच रंग बदलायचा असेल तर 'ट्वीक'. आज्ञा नेहमी स्वराच्या आधी लिहायची. नंतर लिहिली तर ती पुढच्या स्वराला लागते.

हातानं हलवाहलव करणाऱ्या आज्ञांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. 'एक्स्ट्रा-ऑफसेट' देऊन चिन्ह कुठेही सरकवता येतं, पण ते सगळी मांडणी झाल्यावर सरकतं, त्यामुळे शेजारचे त्याला जागा करून देत नाहीत. उद्या कागदाचा आकार बदलला, ओळी वेगळ्या तुटल्या, तरी ते तेवढंच सरकलेलं राहतं आणि भलत्याच चिन्हावर आदळतं. आधी दिशा बदलून किंवा अंतराची मर्यादा वाढवून काम होतं का ते पाहावं. सरकवणं शेवटचा उपाय, तोही सगळी पानं ठरल्यावर. आणि असे सगळे बदल स्वरांच्या मजकुरात मिसळू न देता वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, तर तीच शैली पुढच्या प्रत्येक रचनेला एका ओळीत जोडता येते.

पानांचा विचार वादकाच्या बाजूनं करावा. व्हायोलिनवादकाचे दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटायची वेळ आली, तर सुंदर छपाईचा उपयोग काय? लिलीपाँडला तसं सांगितलं आणि सोबत त्यासाठीचा 'एन्ग्रेव्हर' हा घटक जोडला, तर ते पुरेसा मोठा विराम असलेली जागा शोधून तिथेच पान संपवतं. पट्टीचा मूळ आकार २० पॉइंटचा असतो. शेवटच्या ओळीत एकटाच बार उरला तर आकार थोडा कमी करावा किंवा एकूण ओळींची संख्या ठरवून द्यावी; स्वर पिळून बसवण्यापेक्षा हे बरं.

जुन्या फायली, आपले सूर

लिलीपाँडची आज्ञावलीही बदलत असते. म्हणून फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहावा; सोबत मिळणारा 'कन्व्हर्ट' प्रोग्राम तो वाचून जुन्या आज्ञांचं नव्यात रूपांतर करतो. क्रमांकातला मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. उदाहरणार्थ, २०२२च्या डिसेंबरमध्ये आलेली २.२४ ही स्थिर. परक्याची फाइल मात्र वाचूनच चालवावी. तिच्यात 'स्कीम' भाषेतला प्रोग्राम दडलेला असू शकतो. शिकण्यासाठी 'म्यूटोपिया' प्रकल्पातल्या रचना उत्तम. तिथे कॉपीराइट संपलेल्या दोन हजारांहून जास्त रचना मूळ मजकुरासह मिळतात.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदांचे भाग हातानं लिहिले. त्या परंपरेतल्या कुणाला सी-डीपेक्षा डो-रे जवळचे वाटत असतील, तर पोर्तुगीज स्वरनावं लिलीपाँडमध्ये आधीपासून आहेत. भाषा सांगणारी एक ओळ पुरते. सा-रे-ग-म ची नावं तयार मिळत नाहीत, पण बनवता येतात. भातखंड्यांची स्वरलिपीही तयार मिळत नाही: कोमलाखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, मात्रेखालची कमान, समेची फुली. लिलीपाँड पाच रेघांसाठी घडलं आहे. मींड आणि गमक त्यात बसवण्याचा अट्टहास करण्यापेक्षा, आपलं गाणं पाश्चात्त्य वाद्यवृंदाला द्यायचं असेल तेव्हा ते वापरावं. मूळ धून सी स्वराला सा मानून लिहावी आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे 'ट्रान्सपोज' करावी.

छपाईपूर्वीची शेवटची तपासणी संगणकावर करू नये. पान वादकाच्या स्टँडवर ठेवावं आणि त्याला वाजवू द्यावं. तो अडखळेल तिथे पेन्सिलनं खूण करेल. ती खूण कोणत्या थरातली हे ठरवून फाइलमध्ये एकदाच दुरुस्ती करायची. त्याच मजकुरातून संपूर्ण स्कोअरही निघतो आणि प्रत्येक वादकाचा स्वतंत्र भागही, त्यामुळे क्लॅरिनेटवाल्याच्या पानावरची चूक सुधारली की संचालकाचं पानही सुधारलेलं मिळतं. हा फायदा हवा असेल तर रचनेतला प्रत्येक स्वर फाइलमध्ये एकाच ठिकाणी लिहावा, नक्कल करून दुसरीकडे चिकटवू नये. सुरुवातीपासून पाळायची शिस्त एवढीच.