फुलं उभी राहतात कशी?

मागच्या गॅदरिंगला स्टेजवरची आमची तिरकी फुलांची रचना पाहुणे यायच्या आधीच आडवी झाली. मेकॅनिक्समध्ये मोमेंट शिकूनसुद्धा! हल्ली मोठ्या समारंभात फुलं गुच्छात न बांधता शिल्पासारखी झुकवतात. आत बहुधा हिरवा फोम असतो. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा फोम पाणी धरतो, काडी पकडतो, पण आहे प्लॅस्टिकच. चुरा होतो, कुजत नाही. त्याआधी लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय या बाई कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून फुलदाणीत कोंबत. दोन-तीन थरांतून गेलेली काडी हलत नाही. बाकी तळाला वजन हवं, आणि गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर जाता कामा नये (आमचा गेला होता). यंदा जाळी आणलीय. मेसचे रिकामे डबे तेवढे हवेत, रेक्टर सर, प्लीज!