स्थावर, जंगम आणि तयार घर
(औंढा नागनाथ परिसराच्या संदर्भात जमीन-विक्रीच्या भाषेचा विचार)

१

मराठीत मालमत्तेची विभागणी 'स्थावर' आणि 'जंगम' या दोन शब्दांनी फार पूर्वीपासून होत आली आहे. पहिला शब्द 'स्था' म्हणजे उभे राहणे या धातूपासून, तर दुसरा 'गम्' म्हणजे जाणे या धातूपासून सिद्ध झालेला आहे. शेत, विहीर, घर ही स्थावर. दागिने, भांडी, गुरे ही जंगम. या वाटणीत घराचे स्थान कोणते, असा प्रश्न कोणास पडण्याचे कारण नव्हते. कारण घर हे जागेवर बांधले जाई आणि जागेवरच पडे.

कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणाऱ्या घराने ही निश्चिती ढळली आहे. लोक त्यास 'प्रीफॅब', 'पोर्टा केबिन', 'कंटेनर घर' किंवा नुसते 'तयार घर' म्हणतात. जमीन विकत घ्यावयाची, तिचे भूखंड पाडावयाचे, प्रत्येक भूखंडावर असे घर आणून बसवावयाचे आणि दोन्ही मिळून एकच वस्तू म्हणून चढ्या भावाने विकावयाची, अशी या व्यवसायाची रीत आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहारातील शब्द तपासून पाहावयाचे आहेत. या व्यवहारात ग्राहकास घर दिसते. नफा मात्र मुख्यतः जमिनीचा असतो, आणि ग्राहकाचे नुकसान होते ते बहुधा जमिनीविषयीचे शब्द न कळल्यामुळे, हे लेखाचे प्रतिपाद्य होय.

२

उदाहरणासाठी औंढा नागनाथचा परिसर घेतला आहे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नागनाथाच्या देवळामुळे येथे यात्रेकरूंची वर्दळ असते. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या 'लायगो-इंडिया' या प्रकल्पाची जागा याच तालुक्यात असून त्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. अशा गावाभोवतीच्या जमिनीकडे बाहेरच्यांचे लक्ष वळावे, हे स्वाभाविक आहे.

नामदेवांच्या कीर्तनासाठी येथील देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. भाविकांच्या दृष्टीने येथे देऊळसुद्धा जंगम ठरले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मात्र अशी सवलत नाही. तेथे प्रत्येक वस्तू एका बाजूस घालावीच लागते.

या परिसरातील जमिनीची भाषा पाहिली, तर तिचे तीन थर सहज वेगळे काढता येतात. मातीशी आणि वस्तीशी निगडित शब्द बहुतांशी देशी वा संस्कृतोद्भव आहेत : शेत, बांध, घर, गावठाण. ('गावठाण'मधील 'ठाण' हा 'स्थान' या शब्दाचाच अवशेष, म्हणजे 'स्थावर'चा तो सख्खा नातलग.) हक्क आणि दस्त यांचे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत : जमीन, मालक, कब्जा, ताबा, खरेदी. मराठवाड्यात हा थर विशेष जाड आहे. नुकसानभरपाईस येथील शेतकरी अजून 'मावेजा' म्हणतो, आणि जुन्या हक्काचा शोध घेताना खासरा पत्रकापर्यंत जावे लागते. तिसरा थर व्यापाराचा व तो इंग्रजीचा : प्लॉट, ले-आऊट, एन. ए., स्कीम.

ही केवळ शब्दांच्या उगमाची गंमत नव्हे. जाहिरात तिसऱ्या थरात लिहिली जाते, हक्क दुसऱ्या थरात ठरतो आणि राहावयाचे असते पहिल्या थरात. तिन्ही थरांचा मेळ बसला, तरच खरेदी निर्धोक होते.

३

प्रथम जमिनीचा विचार करू. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा सामान्यतः स्वतः शेतकरी असावा लागतो. मराठवाड्यात या विषयावर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास प्रतिबंध केला. हे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविण्यात आले. २०२५ मध्ये नागरी व निवासी क्षेत्रापुरती या बंधनात ढिलाई आणण्यात आली. तेव्हा ज्या दिवशी खरेदी करावयाची, त्या दिवशीचा नियम तहसील कार्यालयात पाहणे इष्ट होय.

शेतजमिनीस घराची जमीन करणारा शब्द 'अकृषिक' हा आहे. बाजारात त्यासच 'एन. ए.' म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ही कल्पना नियमबद्ध झाली, आणि २०१७ पासूनच्या दुरुस्त्यांनी तिच्यातील परवानगीची वाट क्रमाने सोपी होत गेली. वाट सोपी झाली, तरी वापर बदलल्याचा आणि भूखंडांचा नकाशा मंजूर झाल्याचा कागद अनावश्यक झाला, असा तिचा अर्थ नाही.

येथे जाहिरातीचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. 'एन. ए. प्रस्तावित' असे लिहिलेले असते. 'प्रस्तावित' हे रूपाने भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्यामुळे काही तरी घडून गेल्याचा भास होतो. अर्थ मात्र एवढाच, की कोणी तरी अर्ज केला आहे किंवा करणार आहे. 'मंजूर' आणि 'प्रस्तावित' ही दोन विशेषणे एकाच टंकात छापली, म्हणून त्यांचे मोल सारखे होत नाही. 'ग्रामपंचायत एन. ए.' हाही असाच एक शब्दप्रयोग आहे. जमिनीचा वापर बदलण्याचा महसुली अधिकार ग्रामपंचायतीकडे नसतो.

दुसरा घोटाळा अंकांचा आहे. तलाठ्याकडील 'गाव नमुना आठ-अ' हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा होय. ग्रामपंचायतीकडील 'नमुना आठ' ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद होय. बोलताना दोन्ही 'आठचा उतारा' होतात. घरपट्टीच्या नोंदीवरून कर कोणी भरावयाचा ते कळते. मालकी कोणाची हे त्यावरून सिद्ध होत नाही. सातबारावरील फेरफाराची नोंद हीदेखील मूलतः महसुलासाठी असते. मालकी दस्तावरून ठरते.

तिसरी गोष्ट भोगवट्याच्या वर्गाची. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे असल्यास ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश व देवस्थान इनाम अशा जुन्या देणग्यांच्या जमिनी आहेत. तीर्थक्षेत्राच्या आसमंतात खरेदी करणाऱ्याने हा रकाना अगोदर वाचावा.

शेवटचा भेद दस्तांचा. इसारपावती, साठेखत आणि खरेदीखत हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. इसारपावती म्हणजे बयाणा मिळाल्याची पोच. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे अशा कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच जाते. मुखत्यारपत्र, साठेखत व ताबा एवढ्यावर झालेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले. 'बॉण्डवर घेतलेला' प्लॉट याच वर्गात पडतो.

४

आता घराकडे वळू. १८८२ च्याच कायद्यात 'भूमीशी संलग्न' या शब्दांचा अर्थ तीन प्रकारे दिला आहे : झाडाप्रमाणे जमिनीत मूळ धरलेले, भिंती व इमारती यांप्रमाणे जमिनीत रुतलेले, आणि अशा रुतलेल्या वस्तूस तिच्या कायम उपभोगासाठी जोडलेले. तयार घर जोत्यावर नटबोल्टांनी बसविले, तर ते रुतले काय?

२०१० मध्ये डांबरमिश्रणाच्या एका यंत्रसंचाविषयी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की केवळ डळमळू नये म्हणून पायास बोल्टांनी जखडलेली वस्तू भूमीशी संलग्न होत नाही. पुढे २० नोव्हेंबर २०२४ रोजी भारती एअरटेल विरुद्ध केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त, पुणे या प्रकरणात मोबाईलचे मनोरे व त्यांजजवळच्या पूर्वरचित खोल्या या स्थावर नसून जंगम वस्तू आहेत, असा निर्णय झाला. प्रश्न तेथे कराच्या वजावटीचा होता. राहत्या घरांचा नव्हता. तथापि वस्तू न मोडता काढून दुसरीकडे बसविता येते काय आणि ती जोडण्यामागील हेतू कोणता, ही त्यातील कसोटी आपल्या विषयासही मार्गदर्शक आहे.

याचे परिणाम पैशाचे आहेत. जमिनीबरोबर तिच्याशी संलग्न असलेले सर्व काही आपोआप खरेदीदाराकडे जाते. घर जंगम ठरले, तर नुसत्या जमिनीच्या खरेदीखताने ते मिळाले असे म्हणता येणार नाही. त्याचा स्पष्ट उल्लेख किंवा स्वतंत्र पक्के बिल हवे. तेच घर विक्रेत्याने कर्जासाठी नजरगहाण ठेवलेले असू शकते. जमिनीच्या विक्रीवर मुद्रांक शुल्क लागते, वस्तू व सेवा कर लागत नाही. जंगम वस्तूच्या विक्रीवर हा कर लागतो. म्हणून 'घरासह प्लॉट, एकरकमी किंमत' या शब्दांतील रकमेची फोड मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.

अमेरिकेत या प्रश्नाने शब्दच बदलावयास लावला. अशा घरांना तेथे 'फिरती घरे' म्हणत. १९७४ च्या कायद्यान्वये १५ जून १९७६ पासून त्यांच्या बांधणीस राष्ट्रीय मानके लागू झाली, आणि १९८० मध्ये कायद्यातील नाव बदलून 'कारखान्यात निर्मिलेली घरे' असे करण्यात आले. कारण एकदा बसविल्यावर त्यांतील बहुतेक घरे फिरतच नसत. तरीही अनेक राज्यांत अशा घरास प्रथम मोटारीप्रमाणे मालकीपत्र मिळते, आणि ते मालकाच्या जमिनीवर कायमचे बसविल्यावर ते पत्र परत करून त्याची स्थावरात गणना करून घ्यावी लागते. जंगमाचे स्थावर होण्याचा हा विधीच म्हणावयाचा. आपल्याकडे असा विधी नाही. म्हणून तो भार दस्ताच्या भाषेवर पडतो.

भारतात हा प्रयोग अगदीच नवा नाही. निर्वासितांसाठी केंद्र सरकारने १९४८ च्या सुमारास ओटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने दिल्लीत घरांचा कारखाना काढला. परंतु भिंतींच्या तक्त्यांस तडे जाऊ लागल्याने ती योजना फसली. आजची घरे बहुधा पोलादी सांगाड्याची व हलक्या तक्त्यांची असतात. हलकेपणा हा येथे खरा गुण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यासही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अर्थात हलके घर जोत्यास नीट जखडलेले हवे, अन्यथा वाऱ्याचे भय. आणि मराठवाड्याच्या उन्हात त्याच्या छपरास उष्णतारोधक थर हवा.

५

आता नफ्याचे गणित. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. समजा, रस्ते व मोकळी जागा सोडून ६५ टक्के क्षेत्र विक्रीस उरले, तर ते २८,३१४ चौरस फूट होईल. म्हणजे ज्या जमिनीस चौरस फुटास १०० रुपये पडले, तिच्या विक्रीयोग्य भागास सुमारे १५४ रुपये पडले. यात नकाशा, रस्ता, पाणी, वीज, शुल्क आणि अडकलेल्या रकमेचे व्याज अद्याप धरलेले नाही. प्रामाणिकपणे हे सर्व करणाऱ्यास भाव चढा ठेवावाच लागतो. म्हणूनच अतिस्वस्त प्लॉट दिसला, की यांतील कोणता खर्च टाळला आहे, असे विचारावे.

घराचे गणित याच्या उलट आहे. त्याची किंमत कारखान्याच्या दरपत्रकाने बांधलेली असते. तसेच घर ग्राहकास स्वतः मागविता येते. शिवाय वापरलेल्या घराची किंमत वर्षागणिक उतरते. जमिनीची बहुधा चढते. विक्रेत्याच्या दृष्टीने घर हे मोकळ्या रानास वस्तीचे रूप देण्याचे साधन आहे. दारे-खिडक्या दिसू लागल्या, की ग्राहक सातबारा वाचणे विसरतो. हा व्यवसाय स्वतः निंद्य नव्हे. बेघरास लवकर घर मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ प्रमाणे नियोजन क्षेत्रात, ५०० चौरस मीटरांहून अधिक जागेवर, आठांहून अधिक भूखंड वा घरे विकणाऱ्याने प्रकल्पाची नोंदणी केली पाहिजे, आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यास ग्राहकाने संकोच करू नये.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. तयार घराची खरेदी म्हणजे दोन खरेद्या होत : एक स्थावराची, दुसरी जंगमाची. पहिलीसाठी सातबारा, भोगवट्याचा वर्ग, वापरबदलाचा व नकाशाच्या मंजुरीचा कागद आणि नोंदलेले खरेदीखत पाहावे. दुसरीसाठी बिल, हमी आणि घर कोठे गहाण नसल्याचा लेखी निर्वाळा घ्यावा. त्याचबरोबर जोत्यास जखडलेले घर जमिनीसह विकले आहे, असे वाक्य खरेदीखतात स्पष्ट असावे.

शेतमजुरीतून वा किरकोळ नोकरीतून साठविलेले पैसे ज्या कुटुंबाने अशा भूखंडात घातले, त्याचे घर उद्या हलविता येईल. परंतु ते ठेवावयास जमीन हक्काची नसेल, तर हलवून न्यावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. म्हणून पैसे देण्यापूर्वी घराच्या आत जाऊन पाहण्यास जितका वेळ द्यावा, त्याहून अधिक वेळ सातबारा वाचण्यास द्यावा.