दाण्यातलं पाणी

मका वाळला की नाही हे बघायला जुनी माणसं दाणा दाढेखाली धरतात. कट्‌कन फुटला तर वाळला. दबला तर अजून ऊन हवं. पण 13 टक्के ओलावा आणि 16 टक्के ओलावा यांतला फरक दाढेला नेमका कळत नाही. बुरशीला कळतो.

1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका घरात गेला, बुरसला, आणि गरिबीपायी खाल्लाही गेला. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. कारण होतं अफ्लाटॉक्सिन, ॲस्परजिलस फ्लेव्हस या हिरवट-पिवळ्या बुरशीनं तयार केलेलं विष. बुरशी धुऊन, पाखडून दिसेनाशी झाली तरी विष दाण्यात राहतं. भाकरी भाजल्यानंही ते पुरतं जात नाही.

साठवलेला दाणा मेलेला नसतो. तो श्वास घेतो. उष्णता आणि वाफ सोडतो. ओल जास्त असेल तर श्वासही जोरात चालतो. बुरशी आणि किडे त्यात आपली भर घालतात. म्हणून बिघडत्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की आत ऊब लागते. रात्री गार पडलेल्या पत्र्याच्या कोठीत हीच वाफ वर चढते, झाकणाखाली थेंब धरते आणि वरचा थर भिजवते. कोरडा भरलेला मालही असा वरून कुजतो.

भुईमुगाचं गणित आणखी कडक. मक्याला 13 टक्के चालतात, शेंगदाण्याला मात्र 7-8 च्या पुढं नको. तेल पाणी धरत नाही. सगळी ओल उरलेल्या भागात दाटते.

मग लोक वाळवत का नाहीत? 16 टक्के ओलाव्याचा क्विंटलभर मका 12 टक्क्यांवर आणला तर वजन साडेचार किलोंनी घटतं. भाव त्या प्रमाणात वाढवून मिळाला नाही, तर ही घट शेतकऱ्याच्याच पदरात. अंगणातली मेहनत वेगळी. ओला माल विकायचा मोह मला तरी समजतो.

घरी ठेवायच्या धान्यासाठी मात्र एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चिमूटभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवायचं, मग थोडा वेळ स्थिर ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. पोती पुन्हा अंगणात.