आखाड्यापर्यंत इंटरनेटची केबल न्यायचीय? नाली खोदायची मशीन निवडताना हे बघा

परभणी : गावात वायफाय आलं, पण आखाड्यावर राहणाऱ्यांची रेंजची तक्रार काही संपत नाही. पोरांचा अभ्यास, आखाड्यावरचा कॅमेरा, सगळं अडून बसतं. खांबावरून केबल ओढली तर वादळात तुटते, नाहीतर उसाच्या ट्रॉलीत अडकते. म्हणून अनेकजण केबल जमिनीखालून न्यायचं ठरवतात. त्यासाठी ट्रेंचर, म्हणजे साखळीला दाते असलेली नाली खोदायची छोटी मशीन कामाची आहे. पण मशीन बघण्याआधी खोली आणि जमीन बघायला हवी.

जेसीबी का नको?

समजा अंतर 300 मीटर आहे आणि नाली अडीच फूट खोल करायची आहे. जेसीबीच्या दीड फुटी बकेटनं जवळपास 37 ब्रास माती निघते. ट्रेंचरची नाली चार इंच रुंद असते, त्यात फक्त 8 ब्रास निघते. म्हणजे बुजवायचं काम कमी आणि रानाची नासाडीही कमी. मात्र दगड-मुरूम लागला तर जेसीबी किंवा ब्रेकरच लागतो, तिथं छोटी मशीन हात टेकते.

खोली किती?

भारतनेटसारख्या मुख्य केबलसाठी 1.65 मीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट खोलीचा नियम आहे. आखाड्याच्या केबलला एवढं खोल जायची गरज नाही. पण पलटी नांगर फूटभर जातो आणि सबसॉयलर त्याहून खाली जातो, हे विसरू नका. वहितीच्या रानातून केबल न्यायची तर तीन फूट आणि धुऱ्याकडेनं न्यायची तर अडीच फूट खोली धरा. केबल एकदा नांगरात सापडली की ती गाठ मारून जोडता येत नाही. जोडायला वेगळी मशीन आणि कारागीर बोलवावा लागतो.

मशीनच्या कागदावर 'दोन फूट' लिहिलं असलं तरी सुटी माती परत नालीत पडते आणि खोली दोन-चार इंचांनी कमी भरते. म्हणून पाहिजे त्यापेक्षा अर्धा फूट जास्त खोदणारी मशीन घ्या.

जमीन कशी आहे?

गोदाकाठच्या पाथरी, मानवत, सोनपेठ भागात काळी भारी जमीन जास्त. ओली असली की ती साखळीला चिकटते आणि दाते बुजून जातात. उन्हाळ्यात वाळली की दगडासारखी होते, इंजिनाला दम लागतो. म्हणून वाफशावर खोदावं. सोयाबीन निघाल्यावर, हरभरा-ज्वारी पेरायच्या आधी रान मोकळं असतं, तेव्हा हे काम उरकावं. जिंतूरच्या डोंगराकडं आणि गंगाखेडच्या बालाघाट पट्ट्यात माती पातळ, खाली मुरूम. तिथं आधी पहारीनं चार-पाच ठिकाणी खोदून बघा. फुटावर मुरूम लागला तर साधे दाते चालत नाहीत, कठीण धातूची टोकं असलेले लागतात.

मशीन बघताना

- फक्त एचपी विचारू नका. खोली, रुंदी आणि कोणत्या मातीसाठी दाते आहेत ते विचारा.
- निघालेली माती बाजूला फेकायची सोय आहे का बघा. नसली तर दुसरा माणूस फावडं घेऊन मागं ठेवावा लागतो.
- साखळी आणि दाते तालुक्याला मिळतात का? झिजणारा माल हाच आहे.
- एकाच आखाड्यासाठी मशीन विकत घेऊ नका. भाड्यानं आणा किंवा चार-पाच जणांनी मिळून काम काढा. दर फुटावर ठरवा आणि बुजवणं त्यात धरलंय का ते आधीच बोला.
- आपल्याच रानात दहा फूट चालवून बघितल्याशिवाय सौदा करू नका.

खोदण्याआधी आणि नंतर

शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जायचं तर त्याची लेखी संमती घ्या. रस्ता ओलांडायचा असेल तर ग्रामपंचायत किंवा ज्यांचा रस्ता आहे त्यांची परवानगी लागते. मोटारीची वायर आणि पाण्याची पाईपलाईन कुठून गेली ते खुणा करून ठेवा. केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च 2023 मध्ये आलं. खोदाईची नोंद त्यात केली की त्या भागात ज्यांच्या केबल-पाईप आहेत त्यांना कळवलं जातं.

साधी लॅन केबल 100 मीटरच्या पुढं चालत नाही. लांब अंतराला फायबरच घ्या आणि ती एचडीपीई पाईपमधून टाका, उंदरापासून बचाव होतो. काळी जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून केबल ताणून न टाकता ढिली ठेवा. दोन्ही टोकांना तीन-चार मीटर जादा वेटोळं सोडा. नालीत अर्धी माती टाकल्यावर रंगीत पट्टी अंथरा, पुढं कोणी खोदलं तर आधी पट्टी दिसेल. माती वरंब्यासारखी उंच टाका, पहिल्या पावसात ती बसते.

मशीन चालू असताना सैल धोतर, लुंगी, गळ्यातलं उपरणं नको आणि लेकरं जवळ नकोत. दात्यात दगड किंवा मूळ अडकलं तर इंजिन पूर्ण बंद करूनच हात घाला.

केबल कुठून गेली याचं धुऱ्याच्या दगडापासूनचं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. पुढच्या वर्षी नांगरणीला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही ते दाखवा.