जैवसंवेदक, विद्युत् रासायनिक

विशिष्ट रेणू ओळखणारा जैव घटक आणि त्या ओळखीचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारे विद्युत् अग्र यांच्या संयोगाने बनलेले विश्लेषक साधन. प्रतिपिंड, एंझाइम किंवा न्यूक्लिइक अम्लाचा एकपदरी तुकडा हे जैव घटक म्हणून वापरतात. एल. सी. क्लार्क व सी. लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम विद्युत् अग्रावर बसविण्याची कल्पना मांडली. मधुमेही रुग्णांचे घरगुती ग्लुकोजमापक हे तिचेच विकसित रूप होय.

व्हायरसजन्य रोगांचे निदान मात्र अधिक अवघड आहे. निरोगी माणसाच्या १०० मिलि. रक्तात उपाशीपोटी सु. ७० ते १०० मिग्रॅ. ग्लुकोज असते, व्हायरसाची प्रथिने त्या मानाने अत्यल्प असतात. त्यामुळे संकेताचे वर्धन करावे लागते. डेंग्यूचे उदाहरण घेता येईल. या रोगात एनएस-१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते, तर आयजीएम प्रतिपिंडे साधारणपणे चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आढळू लागतात. ताप उतरण्याच्या सुमारास काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो व प्रकृती गंभीर होते. म्हणून त्यापूर्वीचे निदान मोलाचे ठरते.

संवेदकाच्या पट्टीवर सामान्यतः तीन विद्युत् अग्रे असतात : कार्यकारी, संदर्भ व साहाय्यक. कार्बन किंवा सोन्याच्या कार्यकारी अग्रावर एनएस-१ विरोधी प्रतिपिंडे पक्की बसविलेली असतात. नमुन्यातील प्रथिन त्यांना चिकटले की, एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते. पट्टी धुतल्यावर योग्य विक्रियाकारक घालतात. एंझाइमाच्या विक्रियेतून बनलेल्या पदार्थाचे अग्रावर क्षपण वा ऑक्सिडीभवन होऊन विद्युत् प्रवाह मिळतो. एकच एंझाइम रेणू पुष्कळ रेणूंचे रूपांतर करीत असल्याने संकेत वाढतो. ठराविक मर्यादेत हा प्रवाह प्रथिनाच्या प्रमाणाशी निगडित असतो. दुसऱ्या पद्धतीत एंझाइम लागत नाही; प्रथिन चिकटल्याने अग्र व विद्राव यांच्यामधील इलेक्ट्रॉन-विनिमयास होणारा अडथळा संरोधाच्या रूपाने मोजतात.

खरी कसोटी रक्ताचीच असते. अल्ब्युमिनासारखी प्रथिने अग्रावर साचतात. ॲस्कॉर्बिक व यूरिक अम्लांच्या ऑक्सिडीभवनाने भ्रामक प्रवाह मिळू शकतो. डेंग्यूचा संसर्ग पूर्वी होऊन गेला असल्यास रक्तातील प्रतिपिंडे एनएस-१ ला झाकून टाकतात व रोग असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. शुद्ध विद्रावात उत्तम ठरलेली अनेक साधने यामुळेच प्रयोगशाळेबाहेर येऊ शकलेली नाहीत. साधन लहान, स्वस्त व जलद असले, तरी केवळ नकारात्मक निष्कर्षावरून रोग नाही असे मानणे धोक्याचे असते. आजाराचा दिवस, लक्षणे व इतर चाचण्या यांच्या आधारेच निदान करावे लागते.