पेट्रोलवरचा कर भरला, मग कामठीतला खड्डा कोण बुजवणार?

केंद्र किती घेते?
मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १९.९० रुपये झाले. त्यात रस्ते व पायाभूत सुविधा उपकर फक्त ५ रुपये. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क २ रुपयांनी वाढले. हा उपकर मात्र तेवढाच राहिला.

राज्याचे काय?
जुलै २०२४ पासून मुंबईसह राज्यभर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट, शिवाय लिटरमागे ५.१२ रुपये. ही रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते, ती केवळ रस्त्यांसाठी राखीव नसते.

दाद कुठे मागायची?
शहरातल्या गल्ल्या नगर परिषदेकडे, छावणीतले नागरी रस्ते कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. नगर परिषदेची मदार मालमत्ता कर आणि सरकारी अनुदानावर. त्यामुळे गल्लीतल्या खड्ड्यासाठी मालमत्ता कराची पावती दाखवूनच जाब विचारा.